ओदाल्मिसनं बसवलेले ब्रेक

ओदाल्मिसबद्दल लिहायचंय ना, तर आधी हे लिही की ती दिसायला काही एवढी खास नव्हती. हात तर ग्रीसनं काळेकुट्ट, आणि डाव्या करंगळीचं पेर लेथमध्ये गेलेलं. पण चालायची अशी की आमची सगळी गल्ली दारात येऊन उभी राहायची. लिहिलंस? बरं.

तुझ्या आजोबाची, एउदाल्दोची, ती निळी गाडी, पंचावन्न सालची. सान्तियागोच्या या चढउतारांवर तिनं किती माणसं वाहिली, मोजदाद नाही. पण थकली होती बिचारी. एउदाल्दो ब्रेक दाबायचा चर्चपाशी आणि गाडी थांबायची खाली पावाच्या दुकानाशी. मागचा एक्सल तर बाळंतिणीसारखा कण्हायचा. आणि सोमवारी सरकारी तपासणी. नापास झाली की टॅक्सीचा परवाना गेला, आणि आमच्या घरात दुसरी कमाई कुठली?

मग यानं कुठूनतरी भंगारातल्या रशियन गाडीचा मागचा एक्सल आणला आणि पुढच्या चाकांना कुठल्याशा अपघातातल्या गाडीचे डिस्क ब्रेक. आणले खरे, पण जुळतंय काय? एक्सल लांब, चाकाची भोकं भलतीकडे. तेव्हा सगळे म्हणाले, ओदाल्मिसला बोलाव.

ती पोरगी असल्यापासून साखर कारखान्यात लेथवर होती. बाप तिथंच कामाला, त्यानंच शिकवलं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे रडत घरी गेले, हिनं तो जुना लेथ सुटा करून बैलगाडीतून घरी आणला. चार खेपा केल्या. नवरा म्हणाला, घरात एकतर मी राहीन नाहीतर हे धूड. ही म्हणाली, मग तुझी पिशवी भरून देऊ का? अशी बाई. गाडी चाळीस वर्षांची असो की साठ, अख्ख्या गावात कुणाच्याही गाडीला कुठलाही एक्सल बसवून द्यायची.

आली ती बुधवारी. आणि आल्याआल्या, “अरे राजा, जरा जॅक दे.” राजा! सगळ्यांनाच म्हणायची, पोस्टमनला, कुत्र्याला. पण मला काय माहीत? मी स्वयंपाकघरातून ऐकतेय, राजा पाना दे, राजा इकडून धर. आणि आमचा राजा उड्या मारतोय, ज्याला घरात पाण्याचा ग्लास उचलवत नाही!

दुपारी एक्सल कापून, नवीन भोकं पाडून घेऊन आली. एउदाल्दो हातात घेऊन बघतच राहिला. म्हणाला, “काय हात आहे बाईचा!”

तीस वर्षं मी त्याला कोंग्री भात शिजवून घातला. राजमा निवडून निवडून डोळे गेले माझे. एकदा तरी म्हणाला, काय हात आहे? नाही.

वर शेजारची तेता भिंतीवरून डोकावून म्हणते, “एर्मिना, तुझा नवरा तीन दिवस गाडीखाली आहे ना?”

“आहे. तुझं काय जातंय?”

“माझं काही नाही. मला आपले चार पाय दिसतायत.”

शनिवारी जुना एक्सल खाली उतरवताना एउदाल्दोच्या पायाच्या अंगठ्यावर आला. केवढ्यानं ओरडला! मी भाताचा डाव घेऊन बाहेर धावले तर काय बघते, ओदाल्मिसनं त्याचा पाय मांडीवर घेतलाय, आणि आपल्या डोक्याचा लाल रुमाल सोडून अंगठ्याला बांधतेय. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत!

दुपारपर्यंत तिनं नवा एक्सल बसवला. आता राहिलं होतं ब्रेकमधली हवा काढायचं. त्याला दोघं लागतात. एक पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी झोपून बारीकसा स्क्रू सैल करतो, तेल येतं, त्याबरोबर हवा निघते. स्क्रू परत आवळेपर्यंत पेडलवरचा पाय हलवायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. एउदाल्दोचा पाय तर रुमालात. मग ती खालून म्हणाली, “राणी, तू ये गं.”

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टिअरिंगमागं बसले.

“दाब, दाब, दाब. आता धर! हलू नकोस. झालं, सोड.”

तीन चाकं नीट केली. शेवटच्या चाकाला आरशात बघितलं, तर एउदाल्दो पायरीवर बसून त्या रुमालावरून हात फिरवतोय. ती म्हणाली “धर,” आणि मी तिनं स्क्रू आवळायच्या आत पाय उचलला. एकदा नाही, तीनदा. वाटलं, फजिती होऊ दे हिची. काय हात आहे ते कळू दे सगळ्यांना.

मग ओदाल्मिस उठून स्टिअरिंगमागं बसली आणि पेडल दाबलं. लोण्यात पाय रुतावा तसं ते तळाला गेलं. तिचा चेहरा पडला. परत दाबलं, तेच.

“माझंच चुकलं, राजा,” ती म्हणाली. “आतलं तेल अडवणारं रबर मीच कापून बनवलं, ते नीट बसलं नसणार. सगळं परत उतरवायला लागेल. चार दिवस धर.”

“आणि सोमवार?”

“सोमवार गेला.”

एउदाल्दोनं डोकं हातात धरलं. आता मी तुला खोटं कशाला सांगू? परवाना मला नंतर आठवला. आधी ऐकलं ते चार दिवस. अजून चार दिवस ही माझ्या टेबलावर जेवणार, राजा राजा करणार!

“काही उतरवू नका!” मी ओरडले. “रबरला काही झालं नाही. पाय मी उचलला.”

“चुकून?” एउदाल्दो म्हणाला.

“नाही.”

भिंतीवर लगेच तेताचं डोकं. ओदाल्मिस माझ्याकडे बघतेय.

“का गं?”

“त्याच्या अंगठ्याकडे बघ आणि मग विचार.”

तिनं बघितलं. आणि अशी हसत सुटली की हॉर्नवरच पडली. “ह्याच्यासाठी? राणी, हा घोरतो का गं?”

“ट्रकसारखा.”

“मग ठेव बाई तुझ्याकडेच.”



ब्रेकचं तेल रमच्या एका बाटलीभर होतं, दुसरं मिळणार नव्हतं. डब्यात पडलेलं तेच गाळून ठेवलं, बुडबुडे बसेपर्यंत आम्ही दोघी कॉफी पीत बसलो. लेथची, त्या चार खेपांची गोष्ट तिनं तेव्हाच सांगितली. मग परत, “दाब राणी, दाब. धर!” या खेपेला मी असं धरलं की मांडी थरथरायला लागली, पण पाय हलला नाही.

उतारावर न्यायला एउदाल्दो लंगडत पुढं आला. ओदाल्मिसनं त्याला बाजूला केलं. “नाही राजा. मी बसवलेले ब्रेक पहिल्यांदा मीच उतारावर नेते. आणि पेडल हिनं दाबलंय, तर ही पण येणार.”

मी मनातल्या मनात कोब्रेच्या चर्चमधल्या देवमातेला हाक मारली आणि बसले. गाडी चर्चपासून सुटली. खाली बंदराचं पाणी, पावाची रांग. तिनं पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी! माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. रांगेतले लोक टाळ्या वाजवायला लागले.

सोमवारी गाडी पास झाली. पुढं कितीतरी वर्षं एउदाल्दो बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, हा ओदाल्मिसचा ब्रेक बरं का, काय हात आहे बाईचा. पेडल कुणी दाबलं होतं, ते कधी सांगितलं नाही त्यानं.

तो रुमाल मी त्याच संध्याकाळी त्याच्या अंगठ्यावरून सोडला, धुतला, आणि दुसऱ्या दिवशी कोंग्री भाताच्या वाडग्यावर झाकून तिच्या घरी नेऊन दिला. म्हटलं, त्याच्यापाशी राहायला नको. तिनं तिथंच, लेथपाशी उभ्यानं पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, “एर्मिना, काय हात आहे गं तुझा!”

आता तूच सांग, हे तिनं म्हणायचं होतं का?