माझ्या पायातला चेंडू

पंधरा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉलमध्ये माझ्या पायातून कुणी चेंडू काढून घेतला न्हवता. ही फुशारकी न्हाई. तेव्हा फुशारकी होती, आता सांगताना लाज वाटते.

गेवराईच्या सरकारी मदरशात मी शिकत होतो. मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली शाळा, शिकवणं उर्दूतून, घरी बोलणं मराठी, अन् मैदानावर दोन्हीची खिचडी. आबा, म्हणजे माझे वडील, देशमुख. गोदाकाठच्या पाचसहा गावांत आमची जमीन, अन् गेवराईच्या वेशीबाहेर जांबाची बाग. पेरूला आमच्याकडं जांब म्हणतात. शाळेतल्या निम्म्या पोरांचे बाप कुठल्या ना कुठल्या कामानं आबांच्या दारात उभे असायचे. कुणी आमचं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं करायचा, कुणी आमच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. हे मला ठाऊक होतं. पण त्याचा फुटबॉलशी काही संबंध असेल, हे कधी डोक्यात आलं न्हाई.

फुटबॉलचा क्लब काढला तो ड्रिल मास्तरांनी. हैदराबादेकडून बदलून आलेला माणूस, पन्नाशीचा, काटक, आधी फौजेत होता. येताना ट्रंकेत एक कातडी चेंडू घेऊन आला अन् पहिल्याच आठवड्यात बाजारतळावर बाभळीच्या बल्ल्या रोवून गोल उभे केले. आमी सगळे अनवाणी खेळायचो. बाजारतळावर सराट्यांचं रान माजलेलं, एक सराटा पायात शिरला की पोरगं एका टांगेवर नाचायचं. म्हणून मास्तरांचा नियम होता, खेळायच्या आधी प्रत्येकानं ओलं गोणपाट मैदानावरून ओढायचं. सराटे त्याला चिकटून निघायचे. मग ते एकेक वेचून जाळायचे, मग चेंडू. नियम सगळ्यांना सारखा. माझ्या वाटणीचं गोणपाट मात्र कुणीतरी दुसरंच ओढायचं. कोण, ते मी कधी बघितलं न्हाई.

आमच्या बागेचा मक्ता, म्हणजे फळं तोडून विकायचा ठेका, सालोसाल एका बागवानाकडं होता. त्याचा थोरला पोरगा आमच्यातच हाफ बॅकला खेळायचा. बारीक, लांब टांगांचा, तोंडातून शब्द न काढणारा. जांबाच्या दिवसांत खेळ संपला की त्याचा बाप टोपलं घेऊन बाजारतळावर यायचा. पोपटानं टोचलेले जांब बाजारात कोण घेणार? ते तो पोरांना वाटायचा. टोचलेलाच लई गोड असतो, पोपटाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणायचा.

मी सेंटर फॉरवर्ड. चेंडू आला की मी निघायचो, एकाला चुकवायचो, दोघांना चुकवायचो, तिसरा आपणच घसरून पडायचा, अन् गोल. मला वाटायचं, आपल्या पायात जादू हाय. मास्तर कडेला उभे राहून मिशी चावायचे, बोलायचे काही न्हाईत. मी म्हणायचो, हैदराबादेच्या माणसाला गेवराईच्या पोराचं कौतुक कसं व्हावं.

पोळा झाला अन् मास्तरांनी आमाला बीडला नेलं, तिथल्या शाळेच्या पोरांशी सामना खेळायला. दोन बैलगाड्यांतून गेलतो आमी. आबांनी मला नवा रेशमी पट्टा दिलता कमरेला.

बीडच्या पोरांना मी कोण ते ठाऊक न्हवतं. पहिला चेंडू माझ्याकडं आला, मी निघालो, समोरून एक ठेंगणा, पिळदार पोरगा आला, अन् चेंडू माझ्या पायात न्हाई. तो घेऊन गेलासुद्धा. आता मी काय केलं असेल? मी जागेवर उभा राहिलो. खरं सांगतो, चेंडू परत आणून देतील म्हणून मी उभा राहिलो. पंचाकडं बघितलं, की हा माणूस काही बोलतो का न्हाई. बघे लोक हसायला लागले तेव्हा कुठं मी पळालो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. नंतर मी मोजणं सोडलं. आमी चार गोलांनी हारलो.

पण मला जे लागलं ते हारणं न्हवतं. दुसऱ्या अर्ध्यात, तोंड पाडून मधोमध उभा असताना, मला बागवानाचा पोरगा दिसला. तो त्या ठेंगण्याच्या अंगावर सरळ गेला अन् चेंडू असा काढला जशी आई पोराच्या हातातून कात्री काढते. मग आणखी एकाकडून काढला. मग त्यांच्या सगळ्यात धिप्पाड गड्याकडून.  दीड वर्ष हा पोरगा रोज माझ्यासमोर खेळत होता. माझ्याकडून त्यानं एकदाही चेंडू काढला न्हवता.

आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाघ असतं म्हणतात. ते कुत्रं मी होतो, अन् हे मला सोडून सगळ्या गेवराईला माहीत होतं.

परत येताना मी मुद्दाम त्याच्या गाडीत बसलो अन् रागातच विचारलं, की माझ्याकडून चेंडू काऊन काढत न्हाईस?  तो बैलांच्या शेपट्यांकडं बघतच म्हणाला, "बागेचा मक्ता दसऱ्याला ठरतो, धाकले सरकार." 

माझा स्वभाव आबांवर गेलेला. डोक्यात राख घालून घ्यायला वेळ लागत न्हाई. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आजपासून माझ्याकडून चेंडू काढायचा, जो काढणार न्हाई त्याची गाठ माझ्याशी हाय. मग काय, पोरं काढायला लागली. अशी काढायची, जशी देवळात पायरीवरची चप्पल बाजूला सरकवतात. मी हुकूम सोडला अन् त्यांनी हुकूम पाळला, एवढंच झालं. मी चिडून एकाला ढकललं, तर त्यानंच माझी माफी मागितली.

तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले. मला कडेला घेतलं अन् त्यांच्या दखनीत म्हणाले, "मियाँ, गेंद छिनना उनको नै आता, ऐसा नै. गेंद खोना तुमको नै आता." त्यांचं म्हणणं असं, की चेंडू गमावता येत न्हाई ज्याला, त्याला परत मिळवताही येत न्हाई. संक्रांतीच्या सुमाराला बीडची पोरं गेवराईला यायची होती. मास्तरांनी साफ सांगितलं, की तोपर्यंत कुणीतरी खरोखर तुझ्याकडून चेंडू काढला अन् तू तो खरोखर परत घेतलास, तरच तू खेळशील. न्हाईतर देशमुखांचा पोरगा म्हणून सामना बघायला येणाऱ्या तहसीलदाराशेजारी खुर्ची टाकून देतो, बस.

खुर्चीवर बसायचं म्हणजे मेल्यापेक्षा वाईट. मी ठरवलं, खेळणार. पहिलं काम, माझं गोणपाट मी ओढायचं. ओलं गोणपाट एवढं जड असतं हे मला तेव्हा कळलं, अन् दीड वर्ष ते कोण ओढत होतं तेही कळलं. बागवानाचा पोरगा सवयीनं माझ्या गोणपाटाकडं आला अन् माझ्या हातात ते बघून तसाच मागं फिरला.

दुसरं काम, त्याच्या बापाला भेटायचं. मी थेट बाजारात त्याच्या गाड्यापाशी गेलो अन् म्हटलं, चाचा, तुमच्या पोराला सांगा मला पाडायला. तो आधी हसला. मग मी हसत न्हाई हे बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, "पोरगं माझं हाय, पण बाग सरकारांची. तुमचा पाय मोडला तर कुणी मोडला म्हणून सांगू?" मी म्हटलं, खेळात लागलेलं घरी सांगायचं न्हाई, माझा शब्द. पंधरा वर्षांच्या पोराचा शब्द. पण त्या भल्या माणसानं तो घेतला. पुढं जे झालं त्याला मी कारण, दुसरं कुणी न्हाई.

दसऱ्याला दोन दिवस होते. मी चेंडू घेऊन निघालो, समोरून बागवानाचा पोरगा आला. ह्या वेळी त्याचे डोळे वेगळे होते, बीडला होते तसे. काय झालं ते कळायच्या आत मी पालथा पडलो होतो, तोंडात माती, नडगी फुटलेली, अन् चेंडू पार तिकडं.  पोरं माझ्याकडं बघत उभी. मास्तर ओरडले, खेळ थांबवला का मी? मी उठलो, लंगडत त्याच्यामागं पळालो, पण चेंडू काही मिळाला न्हाई. तरी खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यात तोवर एवढा आनंद मला कधी झाला न्हवता.

घरी मी पडलो म्हणून सांगितलं. पण गावात शंभर जिभा. सकाळपर्यंत आबांच्या कानावर सगळं गेलतं. त्यांनी बागवानाला बोलावलं. तो आला, टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला, पोरगा त्याच्यामागं. मी धावत बाहेर आलो अन् सांगितलं, की त्याचा काही दोष न्हाई, मीच सांगितलं होतं पाडायला, मास्तरांची तशी अट हाय.

आबा ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून त्यानं ऐकलं. उद्या तू विहिरीत ढकल म्हणशील." मग बागवानाकडं न बघताच म्हणाले, "यंदा बाग दुसऱ्याला." झालं. इतक्या वर्षांचा मक्ता एका वाक्यात गेला.

मी दोन दिवस जेवलो न्हाई. दसऱ्याचं सोनंसुद्धा आबांना दिलं न्हाई. आईनं समजावलं, चुलत्यांनी समजावलं. आबांपुढं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दसऱ्याच्या दिवशी बाग दुसऱ्याच्या नावानं झाली.

मग मैदानावर जायची मला भीती वाटायला लागली. तो येणार न्हाई असं वाटत होतं, अन् आला तर त्याच्याकडं कसं बघू? पण मी गेलो. न जाणं म्हणजे त्याचं नुकसान करून वर पळून जाणं. गोणपाट भिजवलं अन् ओढायला लागलो. थोड्या वेळानं दुसरं गोणपाट माझ्या बाजूनं ओढलं जायला लागलं. तोच होता. 

खेळ सुरू झाला. पहिलाच चेंडू माझ्याकडं आला, अन् त्यानं काढला. दुसरा काढला. मी उठायच्या आत तिसरा काढला. चौथ्यांदा मी मातीत बसूनच राहिलो अन् म्हणालो, मला माफ कर. त्यानं हात देऊन उठवलं अन् म्हणाला, "आता भ्यायचं कशाला बे? बाग तर गेली."

दीड वर्षात तो मला पहिल्यांदा 'बे' म्हणाला. मला रडू आलं, पण रडायला त्यानं वेळ दिला न्हाई.

त्यानंतर संक्रांतीपर्यंत रोज तेच. तो काढायचा, मी मागं धावायचो. हळूहळू कळायला लागलं, की चेंडू गेला की आधी पाय वळवायचा, मग राग. खांदा कुठं घालायचा, त्याचा कुठला पाय आधी पडतो, दमला की तो कुठल्या बाजूला चेंडू ढकलतो. मार्गशीर्षात एकदा, फक्त एकदा, मी त्याच्याकडून चेंडू परत घेतला. मास्तरांनी शिट्टी वाजवून खेळच थांबवला. अन् मिशी चावायची सोडली. बाकीची पोरंही मग चेव चढल्यासारखी माझ्यावर यायला लागली. माझ्या पायांवर निळं-काळं नसेल अशी बोटभर जागा राहिली न्हवती, अन् आमची टीम आता खरी टीम वाटायला लागली होती.

बीडची पोरं आली. सारं गेवराई बाजारतळावर. आबा तहसीलदाराशेजारी खुर्चीवर, मला दिली जाणार होती त्याच जागेवर.

तोच ठेंगणा पोरगा माझ्यासमोर आला अन् त्यानं पहिल्याच झटक्यात माझा चेंडू काढला. पण मी उभा राहिलो न्हाई. वळलो, खांदा घातला, परत घेतला. त्यानं पुन्हा काढला, मी पुन्हा घेतला. असं लई वेळ चाललं. शेवटी शेवटी असाच परत मिळवलेला चेंडू मी मागं बागवानाच्या पोराकडं दिला, तो घेऊन सरळ पुढं आला, मला परत दिला, अन् मी मारला. एकच गोल झाला त्या दिवशी, तो हा. आबा खुर्चीवरून उठले. तहसीलदाराला मोठ्यानं सांगत होते, की देशमुखाचं रक्त हाय, चेंडू सोडील का ते?

पोरांनी मला उचललं. खाली उतरलो तेव्हा मैदानाच्या कडेला बागवान उभा दिसला. टोपलं घेऊन. मागच्या सालासारखा आलता, पोरांना जांब वाटत होता. त्याला बघून मला आत कुठंतरी बरं वाटलं, की चला, काही बिघडलं न्हाई. मी हात पुढं केला. त्यानं टोपल्यातला चांगला मोठा जांब काढला, सदऱ्याला पुसला अन् माझ्या हातावर ठेवला. त्याला टोच न्हवती. टोपल्यातल्या एकालाही न्हवती.

"खा, धाकले सरकार," तो म्हणाला. "तुमच्याच बागेतला हाय. इकत आणलाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा न्हवता, तेच लई लागलं. त्याचा पोरगा शेजारी उभा होता, तो खाली बघत पायातला सराटा काढत होता. मी तो जांब तिथंच, सगळ्यांसमोर, बियांसकट खाल्ला. आबा खुर्चीवरून मला हाका मारत होते, तहसीलदारांना भेटायला ये म्हणून. मी ओ दिली न्हाई.