फोटोत चेहरा नव्हता

उरणजवळच्या करंज्याहून टेम्पोने यायचं आणि पनवेलच्या सोसायट्यांमध्ये मासळी विकायची, यातच भामा कोळणीची वीस वर्षं गेली. नवीन पनवेलच्या एका सोसायटीने तर तिला गेटाच्या आत जागा दिली होती. बायका खाली यायच्या, घासाघीस करायच्या आणि मासळी कापून होईपर्यंत तिच्या उजव्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या. त्या हातात बांगडी नव्हती. कोळ्यांच्या रीतीप्रमाणे उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला दिलेल्या. मनगटावर तुळस गोंदलेली. तो हात सगळ्या सोसायटीच्या ओळखीचा होता.

२०१५ साली त्याच हाताला शिंगाळा माशाचा काटा लागला. पंजा सुजून पू झाला. असल्या हाताने लोकांच्या पोटात जाणारी मासळी कापायची नाही, एवढं भामाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने पाटी बंद केली आणि त्याच सोसायटीत राहणाऱ्या डॉक्टर निकेशचा दवाखाना गाठला.

"डाक्टर, बिल्डिंगीत काय बोलू नका हां. मी गावाला जाते असं सांगितलंय. गिऱ्हाईक एकदा तुटला का परत येत नाय."

"मावशी, इथली गोष्ट बाहेर जात नाही," असं म्हणत डॉक्टरांनी मोबाइलवर हाताचा फोटो काढला. सर्जन मित्राला विचारायचं होतं. विचारायला कोणाची ना होती? पण साहेबांचा अंगठा घसरला आणि पू वाहणारा तो हात थेट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, पाण्याचा टँकर आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मधोमध. तेव्हा पाठवलेलं परत घेता येत नसे. खाली 'सॉरी, राँग ग्रुप' लिहून, जोडलेल्या हातांचं चित्र टाकून साहेब मोकळे झाले. पदवी भिंतीवर टांगलेली आणि जबाबदारी अंगठ्यावर!

हात बरा झाल्यावर भामा ताजी पापलेटं घेऊन गेटात बसली. कोणी फिरकेना. शेवटी जुनं गिऱ्हाईक रंजिता खाली आली आणि तिने मोबाइल पुढे धरला.

"भामा, हा तुझाच हात ना गं? शी! याच हाताने आम्हाला..."

"तवा मी धंदा केलाच नाय, ताई!"

रंजिता नाक मुरडून वर गेली. भामाला त्या फोटोची शिसारी आली. पू बघून नव्हे. जखम तर तिने रोज स्वतः धुतली होती. आपला सडका हात घराघरात, जेवणाच्या ताटाशेजारी, चवीने फिरला याचीच तिला किळस आली. ती तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टर ओशाळले. "चूक झाली, मावशी. पण त्यात तुमचं नाव नव्हतं, चेहराही नव्हता."

"वीस वरसं बायका माझ्या हाताकडंच बघतात. तोंडाकडं कोण बघतो?"

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "एक काम करू. हात पुढे करा. बरा झालेला फोटो टाकतो ग्रुपवर, खाली लिहितो पूर्ण बरा म्हणून. उद्या सगळ्या परत येतील बघा." आणि मोबाइल पुढे आलासुद्धा.

येतीलही, हे भामाला कळत होतं. पण त्या माणसाच्या उत्साहाची तिला पुवापेक्षा जास्त घाण वाटली. तिने हात पदराखाली घेतला.

"पयला टाकलास तवा इचारलं नाय. आता मी सांगते, नाय."

पाटी डोक्यावर घेऊन ती शेजारच्या सुकापूरच्या रस्त्याला लागली. तिथे तिचा हात अजून कोणी पाहिला नव्हता.