कोटाच्या चिमट्या

आर्डिस कुबिचेकचा मुलगा शाळेचा बँड सोडून गेला, शिकला, ओमाहात नोकरीला लागला, डोक्यावरचे केसही विरळ करून बसला. त्याची आई मात्र बँडमधून काही सुटली नाही. तो ट्रॉम्बोन वाजवायचा तेव्हा 'एका हंगामापुरती मदत' म्हणून ती युनिफॉर्मच्या खोलीत शिरली होती. बाकीचे पालक यायचे, मारिंबासारखी अवजड वाद्यं मैदानात ढकलायचे, पाण्याच्या बाटल्या वाटायचे, शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याला नाचोज विकायचे, आणि आपलं पोर पास झालं की हात झटकून मोकळे व्हायचे. आर्डिस राहिली. दिवसा लाकडाच्या वखारीचं ऑफिस आणि संध्याकाळी शाळेत लाल लोकरी कोटांच्या रांगा.

तोंडात सदा टाचण्या असतात म्हणून ती कमी बोलते, असं लोकांना वाटे. खरी गोष्ट अशी की बाई भित्री होती. ओले कोट कोणी पिशवीत बंद केले तर? सामानाच्या ट्रेलरमध्ये टोप्यांवर कोणी ढोल ठेवला तर? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तिच्यासारख्यांना बघूनच निघाली असावी. तिचा नवरा लेलँड म्हणायचा, "काळजी करण्याचा पगार असता ना आर्डिस, तर आपण आज फ्लोरिडात पाय पसरून बसलो असतो."

खोलीचे नियम तिचेच. कोट कापायचा नाही; पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच पोराच्या अंगावर जाणार, म्हणून आतून चिमट्या घ्यायच्या, त्याही कच्च्या टाक्यांनी. युनिफॉर्म चढवला की चीज खायचं नाही, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा, की कुठल्याही आईनं आपल्या लेकराचं माप घ्यायचं नाही. पूर्वी एका मायलेकीची कमरेच्या मापावरून अशी जुंपली होती की विजार फाटायची तेवढी राहिली. तेव्हापासून माझी तू बघ, तुझी मी बघते. त्या पडद्यामागे जे दिसेल ते तिथंच ठेवायचं, हे ओघानंच आलं. पोरींची अंगं म्हणजे काही चर्चच्या जेवणावर चघळायचा विषय नव्हे.

त्या वर्षी तिच्या वाट्याला आलेली क्लॅरिनेटवाली ब्रिन लिंडग्रेन शेवटच्या वर्गात होती. बोलकी, खोडकर पोरगी. ऑगस्टमध्ये कोट तिच्या अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला होता. सप्टेंबरात तो खांद्यावर लोंबू लागला.

"उन्हातली कवायत, मिसेस के," ब्रिन हसून म्हणाली; पोरांनी कुबिचेकचं 'के' केलं होतं. "मिस्टर प्रुइटना वाटतं, ते बँड नाही, घोडे शिकवतात."

आर्डिसनं दोन्ही बाजूंनी चिमट्या घेतल्या. ऑक्टोबर लागला तशा परत घेतल्या, आणि या वेळी पाठीवरही.

"जेवतेस ना गं नीट?"

"नीट? काल अख्खा पिझ्झा एकटीनं संपवला. डॅडी म्हणाला, खोकं तरी ठेव."

ती खोटं बोलत नव्हती, आणि त्यामुळेच आर्डिसचा जीव जास्त टांगणीला लागला. न खाणारी पोर तिनं पाहिली होती; ती नजर चुकवते. ही तर बिनधास्त डोळ्यात बघत होती.

कोटाची चेन असते पाठीला. बाथरूमला जायचं तर दुसऱ्यानं कोट उघडायचा, खांद्याच्या पट्ट्या सोडायच्या, परत आल्यावर सगळं पुन्हा चढवायचं. म्हणून पोरं आधीच जाऊन येतात आणि मग दम धरतात. ब्रिनला दम धरवेना. सामना सुरू व्हायच्या आत ती तीन-तीनदा पाठ करून उभी राहायची, "सॉरी मिसेस के, परत." परत आली की पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडायची. चेन वर ओढताना आर्डिसच्या बोटांना मणके एकेक करून लागायचे.

ब्रिनची आई काही लांब नव्हती. जोलीन लिंडग्रेन बँडची तुरेवाली. टोप्यांवरचे पांढरे तुरे तिच्या ताब्यात. मैदानात उतरायच्या ऐन वेळी, हातमोजे घालून, ती प्रत्येक टोपीत तुरा खोचायची आणि कार्यक्रम झाला की काढून घ्यायची. गावातल्या प्रत्येक पोराची मान तिनं सरळ केली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

"माझी ब्रिन बघितलीस?" जोलीन कौतुकानं म्हणायची. "कशी ताठ दिसते कोटात! घरात मेली बापाचे ढगळ स्वेटर घालून हिंडते."

आर्डिस मान हलवायची. सांगावं? काय सांगावं? 'तुझी मुलगी रोडावत्येय' असं म्हटलं आणि ते नुसतं वाढीचं वय निघालं तर? पोरीचा विश्वास जाईल, गावभर बोभाटा होईल, आणि उद्यापासून कुठली पोर तिच्यासमोर कोट उतरवेल? तिनं लेलँडला नाव न घेता विचारलं. तो म्हणाला, "तुला बोलायचंय तर बोल. पण गेल्या महिन्यात तू कोटांना कसर लागली म्हणून सगळ्या शाळेला कामाला लावलंस, आणि तो निघाला खडूचा चुरा."

पुढच्या आठवड्यात आर्डिसनं ब्रिनचा कोट आणखी आत घेतला, इतक्या सफाईनं की दिव्याखाली धरूनही टाका दिसू नये.

राज्याच्या स्पर्धेचा दिवस उजाडला. दुपारी ट्रेलरच्या सावलीत पोरं कोट चढवत होती, पलीकडे ढोल घुमत होते. ब्रिन आली. ओठ कोरडे पडलेले, डोळे आत गेलेले.

"मिसेस के, एकच चिमटी. प्लीज. पाठीवर फुगतोय. शेवटची स्पर्धा आहे माझी, परीक्षकांना गबाळं दिसायला नको."

ती बोलली तेव्हा तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदांसारखा गोडूस वास आला. आर्डिसनं सुई ओवली. ब्रिनच्या हातातला कोट घेऊन उलटा केला, आणि आपल्याच टाक्यांकडे बघत राहिली. ओळीनं, एकावर एक. दर शुक्रवारी मैदानाच्या कडेवरून आईला जी ताठ, बांधेसूद मुलगी दिसत होती ती आर्डिसनं शिवलेली होती. हे दुखणं पोरीनं लपवलं नव्हतं. आर्डिसनंच लपवलं होतं, सुईदोऱ्यानं.

तिनं कात्री घेतली आणि टाके उसवायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय? मिसेस के!"

"जोलीन!" आर्डिसनं हाक मारली. तोंडात टाचण्या नसताना तिचा आवाज एवढा मोठा असेल हे कोणाला ठाऊक नव्हतं. "इकडे ये. हिचा कोट तू टाच."

"मी?" जोलीन तुऱ्यांचा डबा धरून आली. "आपल्या पोरीला हात लावायचा नाही, हा नियम कोणाचा गं?"

"माझाच. आज मोडला. मोजे काढ."

"आर्डिस, डोकं फिरलंय का तुझं? आत्ता बोलावतील त्यांना."

"मग लवकर टाच," म्हणत आर्डिसनं उसवलेला कोट ब्रिनच्या खांद्यांवर चढवला.

जोलीननं कुरकुरत मोजे काढले, टाचणी घेतली, लेकीच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरलं. कापड येतच राहिलं. चिमटीची मूठ झाली तरी आत अंग लागेना. तिनं टाचणी टाकून दिली आणि दोन्ही हात कोटाच्या आत घातले. बरगड्यांवरून हात फिरत खांद्याच्या हाडांपर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"ब्रिन," ती हळू म्हणाली. "अगं, हे कधीपासून?"

"मॉम, मी ठीक आहे. नुसती दमलेय. तहान लागते फक्त."

"मीच आत घेत होते कोट," आर्डिस म्हणाली. "सप्टेंबरपासून. तुला सांगायला हवं होतं."

जोलीननं तिच्याकडे असं पाहिलं की आर्डिसला वाटलं, ही आता तोंडात मारणार. पण ती वळली आणि गाडीची किल्ली शोधू लागली. ब्रिन रडायला लागली. रडताना डोळ्यांना पाणीसुद्धा पुरेसं येत नव्हतं.

"तुम्ही माझी स्पर्धा घालवलीत! तुमच्यावर विश्वास होता माझा. परत तुमचं तोंडही बघणार नाही मी."

जोलीननं तुऱ्यांचा डबा आर्डिसच्या हातात कोंबला, पोरीच्या अंगावरचा कोट उतरवला, तिला गाडीत बसवलं आणि दोघी हॉस्पिटलला गेल्या. आर्डिसनं तुरे खोचले. अर्धे वाकडे बसले.

मैदानात रचना तशीच ठेवतात; एखादं पोर कमी असलं तरी त्याची जागा दुसरं कोणी भरत नाही. ब्रिनची जागा मोकळीच चालली. रांगा वळल्या, चक्र झालं, चक्र सुटलं, आणि त्या सगळ्यात एका माणसाएवढी जागा बरोबरच्यांच्या पावलांनी फिरत राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. आर्डिसला ती मोकळी जागा सोडून काही दिसेना. आपण चुकलो असलो तर पोरीचा दिवस गेला, आणि चुकलो नसलो तर... पुढचं तिच्याच्यानं मनातही म्हणवेना.

पोरं टोप्या काढत असताना आर्डिसचा फोन वाजला.

"साखर," जोलीनचा आवाज घोगरा झाला होता. "रक्तात एवढी साखर की यंत्राला आकडाच दाखवता येईना. मधुमेह. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणाली, उद्यापर्यंत थांबला असतात तर ही शुद्धीवर नसती." मग तिनं जोडलं, "आर्डिस, मी अजून तुझ्यावर रागावलेय."

"धर राग माझा," आर्डिस म्हणाली. ट्रेलरच्या पायरीवर बसून, उसवलेला कोट तोंडाशी धरून ती मोठमोठ्यानं रडली. बाजूला उभा राहिलेला, एका ढोलवाल्या पोराचा बाप घाबरून पाणी आणायला पळाला.

ब्रिननं आपला शब्द पाळला. नोव्हेंबरभर ती कोट आणायला मैत्रिणीला पाठवायची आणि, अंगात अजून ताकद नव्हती म्हणून, तो घालून मैदानाच्या कडेला बसून राहायची. आर्डिसही समोर जायची नाही.

नाताळच्या मिरवणुकीच्या दिवशी खोलीचा पडदा हलला. ब्रिन पाठमोरी आत आली, कोट चढवलेला, चेन उघडी. पूर्वीसारखीच पाठ करून उभी राहिली. आर्डिसनं तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. चेन धरून वर ओढली. ती अर्ध्यावर अडली.

"घट्ट होतोय हो, मिसेस के," ब्रिन भिंतीकडे बघत म्हणाली.

आर्डिसनं टाचण्या हातात घेतल्या. "थांब," ती म्हणाली, "अजून एक टाका राहिलाय उसवायचा."