दूध केंद्रावरची रांग

माझ्या धाकट्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. नातेवाईक काढे आणि गंडे सुचवीत. विशेष शाळेतल्या बाईंनी वेगळेच सांगितले: रोजचे एक काम तिला पूर्ण करू द्या, मध्ये पडू नका. आम्ही मुलुंडच्या घरासमोरचे दूध केंद्र निवडले. महिनाभर ती माझ्याबरोबर आली.

त्या सकाळी दुधाचे कार्ड आणि दोन रिकाम्या बाटल्या घेऊन ती प्रथमच एकटी गेली. मी रस्त्याच्या अलीकडे, विजेच्या खांबाआड उभा राहिलो. बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

आमच्या शेजारच्या काकू रांगेत तिच्या पुढे होत्या. त्या वळून म्हणाल्या, "ये गं बाळा पुढे. हिला कशाला ताटकळत ठेवायचं?"

मुलगी हलली नाही. काकूंनी तिचा दंड धरला. एक बाटली निसटू लागली. बाईंची ताकीद विसरून मी रस्ता ओलांडला आणि ती बाटली घेतली.

मुलीने ती परत ओढून घेतली. "बाबा, रांग आहे ना! मागे जा."

"जा हो साहेब," मागचा एक जण हसला, "मॉनिटर बाई सांगतायत."

मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. तिला दूध मिळेपर्यंत तिथून हललो नाही. माझ्या हातात ना कार्ड होते, ना बाटली.