जिप्सीचे रुंद टायर

रुंद टायरची जिप्सी समोर आली की माझं डोकं फिरतं. दिसायला रुबाबदार असतात ते टायर, मान्य. मीच तर पसंत केले होते.

वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटजवळ असलेल्या आमच्या गावातून बाबा वीस वर्षं सफारीची जिप्सी चालवत होते. गाडी जुनी, आता नवी मिळतही नाही, पण स्वतःची. पुढे मी त्याच जंगलात गाइड झाले आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसू लागले.

आमच्या गाडीचे टायर बारीक, आधीपासून होते तसेच. एका लॉजचा मॅनेजर पाहुण्यांसमोर म्हणाला, "या सायकलवर बसवता का यांना?" पाहुणे हसले आणि बाजूच्या रुंद टायरच्या गाडीत जाऊन बसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाबांना काहीच झोंबलं नाही. "बारीक चाक चाकोरीत बरोबर बसते," एवढंच म्हणाले. पण मी ऐकते कुठली? आठ दिवस त्यांच्या मागे भुणभुण लावली आणि त्यांना चंद्रपूरला घेऊन गेले.

टायरवाल्यानं चारही रुंद टायर चढवले. मी गाडीचे दहा फोटो काढले. टायरवाला शहाणा होता. तो म्हणाला, "ताई, सहा-सात माणसं बसवा अन् स्टेरिंग पुरं कापून, टोकापर्यंत फिरवून पाहा. भरल्यावर गाडी खाली बसते, मंग टायर मडगाडले घासते." आता सहा माणसं आणायची कुठून? रिकाम्या गाडीची दुकानासमोर एक चक्कर मारून घेतली. टायर घासला नाही. झालं, गाडी पास.

परत येताना बाबा म्हणाले, "स्टेरिंग जड लागून राह्यलं, माय."

"दोन दिवसात होऊन जाते सवय," मी मोबाइलवर फोटो पाठवता पाठवता म्हणाले. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यासाठी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे ड्रायव्हरची परीक्षा वाघ दाखवण्यात नसते. वाघ तर नशिबानं कोणालाही दिसतो. परीक्षा असते वाघ रस्त्यानं समोरून चालत आल्यावर. तो जितका पुढे येईल तितकी गाडी त्याच्याच चालीनं मागे घ्यायची, त्याची वाट अडवायची नाही. बाबा असे अर्धा अर्धा किलोमीटर मागे जात. वीस वर्षांत त्यांनी एकदाही वाघाची वाट अडवली नव्हती, आणि गेटवरचा प्रत्येक ड्रायव्हर हे जाणून होता.

नव्या टायरांच्या पहिल्याच फेरीत सहा पाहुणे होते. वाघीण समोरून निघाली आणि बाबा गाडी मागे घेऊ लागले. वळण आलं. त्यांनी स्टेरिंग पुरं कापलं, आणि पुढचा टायर मडगार्डात अडकला. जळक्या रबराचा वास आला. गाडी रस्त्यात आडवी झाली. बाबा दोन्ही हातांनी स्टेरिंग ओढत होते. वाघीण थांबली, गुरगुरली आणि बांबूत शिरली. कोणाला खरचटलंही नाही. पण मागच्या गाडीतल्या पाहुण्यानं व्हिडिओ काढला होता, आणि आम्ही पोचायच्या आधी तो गेटवर पोचला.

वनखात्याला न विचारता टायर बदलले की ड्रायव्हरवर कारवाई होते. माहीत असून बोलला नाही, तर गाइडचंही कार्ड जातं. गेटवर खात्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या आधी बाबा बोलले. "टायर मीच बदलवले, साहेब. पोरीले मालूम नव्हतं. अन् वय झालं आता, स्टेरिंग आवरलं नाई."

मी शेजारीच उभी होते, मूग गिळून. साहेबांनी 'वयोमानामुळे गाडी आवरली नाही' असं लिहिलं, बाबांनी खाली सही केली आणि ड्रायव्हरांच्या यादीतून त्यांचं नाव कायमचं गेलं. वय झालं म्हणे! त्याच आठवड्यात त्यांनी धानाची पोती एकट्यानं पाठीवरून घरात आणली होती. आणि तो मॅनेजर दुसऱ्या दिवशी मला सांगतो, "काका थकलेच होते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याला तरी काय बोलणार? त्यानं नुसती थट्टा केली होती. टायर मी बसवले होते.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, मी जाते अन् साहेबाले खरं काय ते सांगून येते."

बाबा जॅकवर गाडी चढवून रुंद टायर काढत होते. मान वर न करता म्हणाले, "आता तू खरं बोलली, तं मी खोटा ठरतो. माझं नाव काई परत येत नाई, तुझं कार्ड मात्र जाईन."

"मंग मले शिव्या तरी द्या."

"तुले काऊन देऊ?" ते म्हणाले. "वाघिणीले आडवी तू नाई गेली. मी गेलो."

कार्ड अजून माझ्या गळ्यात आहे. गाडीला पुन्हा बारीक टायर आहेत आणि बाबांच्या सीटवर दुसरा ड्रायव्हर बसतो. पाहुणे विचारतात, तुम्ही या कामात कशा आलात? मी सांगते, वडील ड्रायव्हर होते. ते आता गाडी का चालवत नाहीत, असं कोणी विचारलं तर मीही तेच सांगते, वय झालं.