कोंडीचं अरे-तुरे

कोंडीला 'तुम्ही' म्हणता येत नाही. कडावच्या वरच्या ठाकरवाडीत ती वाढली, आणि तिथे देवालाही 'तू' आणि तहसीलदारालाही 'तू'. विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही ज्या वृद्धाश्रमात सांभाळतो, तिथे ती सहा वर्षं काम करते. मी तिथली व्यवस्थापक, हर्षला. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "तू मोठी का? मंग तुझ्यावर कोन हाय?" मला राग आला होता. मला तो लवकर येतो.

पण सहा वर्षांत तिच्या हातून कुणी कधी पडलं नाही. न्हाणीघरात पाणी सांडलं, की मी नियमावलीचं पान शोधेपर्यंत तिचं फडकं फिरून झालेलं असतं. तरी घोळ झालाच. आमच्याकडचे टिपणीससाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या मुलानं एकदा फोनवर ऐकलं, की कुणी बाई त्यांना "आवर रं लवकर" म्हणतेय. त्यानं लेखी तक्रार केली. नेमकी त्याच महिन्यात दर्जाची तपासणी होती आणि तिच्या यादीत चौदावा मुद्दा होता: रहिवाशांना आदराने संबोधले जाते का? मालकांनी बजावलं, इथे गुण गेले तर कोंडीला काढायचं.

मग मी तिची शिकवणी घेतली. "साहेब, आपण जेवता का?" हे एवढंच वाक्य तिनं आठ दिवस घोकलं. फरशी पुसताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर दारात आलेल्या कुत्र्यालाही म्हणून दाखवलं.

तपासणीच्या बाई आल्या त्या जेवणाच्या वेळेलाच. कोंडी ताट घेऊन साहेबांपुढे उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि वाक्य म्हणून मोकळी झाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा 'आपण' झालं, पुन्हा तारीख पडली. वरण गार झालं. बाईंनी काहीतरी लिहिलं. बहुतेक नववा मुद्दा, जेवण वेळेवर नाही. चौदावा वाचवायच्या नादात मी नववा घालवला होता. तिसऱ्या खेपेला साहेबांनी वकील कुठे आहेत असं विचारलं आणि कोंडीचं डोकं फिरलं.

"खा रं गुमान. कवाची उभी हाय मी."

साहेबांनी मुकाट्यानं घास घेतला, मग दुसरा, आणि शेवटी आणखी भात मागितला.

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ही तुम्हाला अरे-तुरे करते ते चालतं का, असं त्यांनी विचारलं. साहेबांना हल्ली स्वतःचं नावही चटकन सापडत नाही. बराच विचार करून त्यांनी आधी बाईंकडे आणि माझ्याकडे बोट केलं, मग कोंडीकडे.

"तुम्ही कोर्टातल्या. ही घरची."

बाईंनी चौदाव्या मुद्द्यापुढे पूर्ण गुण लिहिले. माझे डोळे भरून आले, म्हणून मी कोंडीवरच खेकसले, की बघत काय उभी राहिलीस, भात आण.

संध्याकाळी मी साहेबांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तक्रार मागे घ्या म्हणाले.

"आम्ही जन्मभर बाबांना अहो-जाहोच करत आलो," तो म्हणाला. "म्हणून मी भेटायला आलो की मला तारीख देतात होय."