एकीला चक्कर आली होती

हे मी आजवर कोणापुढे बोलले नाही. मिस्टरांपुढे नाही, माहेरी सानगडीला आईपुढे नाही. उपकेंद्रात माझ्या शेजारी रोज डबा खाणाऱ्या आशाताईला तर याचा वासही नाही. मग तुमच्यापुढेच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच थांबवणार नाही, असं वाटतं म्हणून.

गावाचं नाव सांगत नाही. पवनी तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. मागे तलाव, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्ये दोन खोल्यांचं आमचं उपकेंद्र. मी तिथे नर्स आहे. बारा वर्षं झाली, या गावातल्या जवळजवळ प्रत्येक दंडाला माझा हात लागलेला आहे.

आणि माझी गोष्ट सुरू होते एका गाडीपासून.

मिस्टरांनी एक जुनी गाडी घेतली होती. भाड्यानं चालवायला, पवनीहून नागपूर, कधी भंडारा. गाडी चांगली होती, पण तापायची. कोणीतरी सांगितलं की मोबाइलवर जुन्या गाड्यावाल्यांचा एक मंच आहे, मराठीतच आहे, तिथे विचारा, लोक सांगतात. मिस्टरांचं बोट एकेका अक्षरावर अडायचं, म्हणून त्यांच्या नावानं मीच लिहायला लागले. रेडिएटरचं विचारलं, उत्तर आलं, गाडी तापायची थांबली. मग मिस्टर ते विसरले. मी विसरले नाही.

दुपारची वेळ असायची. ओपीडी संपलेली, आशाताई घरी गेलेली, दारातून तलावावरचा वारा येतो आहे, शिंगाड्याच्या पानांचा ओलसर वास येतो आहे — आणि मी त्या मंचावर. कोणी गिअरबद्दल भांडतो, कोणी टायरचे फोटो टाकतो. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. तरी वाचत राहायची. लिहिताना 'मी सांगतो', 'मी पाहिलेला आहे' असं लिहायची. पुरुषासारखं. ते दिवस आता आठवले की पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात, सगळं हलकं आणि जरा हललेलं. त्या तासाभरात मी कोणाची बायको नव्हते, नर्स नव्हते. मला ते आवडायचं. यात काय वाईट होतं? यात काहीच नव्हतं. वाईट पुढे आहे.

कोरोनाचं ते दुसरं वर्ष. मंचावर गाड्यांशिवायच्या गप्पांचा एक कोपरा होता, तिथे लशीवरून वाद पेटला. कोण म्हणे घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, कोण म्हणे दंडाला चमचा चिकटतो. मी उत्तरं द्यायची. दिवसभर गावात जे सांगून जीभ थकायची तेच तिथे लिहायची, पण तिथे लोक ऐकायचे. माझ्या लिहिण्याला अंगठे मिळायचे. 'पवनीवाले भाऊ, मुद्द्याचं बोलता,' असं कोणी म्हटलं की मी त्या रिकाम्या खोलीत एकटीच हसायची.

त्यात एक जण होता. नाव नुसतं 'जीपवाला'. चिखला गावचा. तो चमचा-बिमचा काही बोलायचा नाही. त्यानं एकदाच लिहिलं, आणि ते मला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे. त्याच्या जीपचे ब्रेक एकदा उतारावर गेले होते. पार्ट सदोष होता, पण गॅरेजवाल्यानं कागदावर लिहिलं, चालकाची चूक. म्हणून तो पार्ट पुढेही विकला गेला. 'दोष कशातही निघतो,' त्यानं लिहिलं होतं. 'मला लशीची भीती नाही. कोणाला काही झालं तर लस देणारे लोक लिहून ठेवतात का, एवढंच सांगा. लिहिणारी माणसं असतील तर मी आईला घेऊन उद्या जातो.'

किती सरळ प्रश्न होता. आणि नकळत त्यानं तो नेमका मलाच विचारला होता.

थांबा — आता शेवंतामावशीबद्दल सांगावं लागेल. मी टाळते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

या वादाच्या आधी वीसेक दिवस शाळेत लसीकरण होतं. धानाच्या रोवण्याचे दिवस, बाया कामावर जाण्याआधी पहाटेपासून रांगेत. लस टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवायचं, हा नियम. नियम उगीच नसतो. सुईच्या भीतीनं, उपाशीपोटी, कोणाला भोवळ येते. ती लशीची नसते, दहा मिनिटं आडवं केलं की जाते, पण त्या वेळी माणूस आपल्या नजरेसमोर हवा. हे मी दुसऱ्यांना शिकवते.

त्या दिवशी सानगडीला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मिस्टर गाडी घेऊन शाळेच्या फाटकात उभे होते. मी कपाळावरचा घाम पुसत होते आणि मनानं कधीच गाडीत बसले होते. मोरपंखी साडी आत पिशवीत होती. शेवटची होती शेवंतामावशी. तिला टोचलं, ती बाकावर बसली. पाचच मिनिटं झाली असतील. म्हणाली, "नर्सबाई, मले गरगरल्यावानी करून राहिलं."

मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लशींचा डबा बंद करत होते.

"उपाशी आल्या असाल, मावशी. घरी जा, जेवण करून घ्या. होते ठीक."

ती उठली. रजिस्टरात तिच्या नावापुढे मी आधीच खूण केली होती — अर्धा तास थांबवले, त्रास नाही. सगळ्यांच्या नावापुढे एकदमच केली होती.

घरी जायला ती धुऱ्यावरून गेली, बांध्यांच्या मधल्या त्या अरुंद वाटेवरून. तिथे तिला अंधारी आली आणि ती उजव्या हातावर पडली. मी तेव्हा सानगडीच्या रस्त्यावर खिडकीची काच खाली करून वारा घेत होते. आकाश खाली बांध्यांच्या पाण्यात उतरलं होतं, बगळे उभे होते, गाडी जणू ढगांवरून चालली होती. इतकी शांत दुपार मला पुन्हा कधी मिळाली नाही.

संध्याकाळी तिच्या मुलाचा फोन आला. मनगट सुजलं आहे, हात वाकडा दिसतो, भंडाऱ्याला नेऊ काय, असं विचारत होता. आणि मी त्याला म्हटलं की दवाखान्यात गर्दी आहे, शेजारच्या गावात हाड बसवणारा आहे, त्याच्याकडे दाखवून घ्या.

गर्दी नव्हती. त्या महिन्यात दवाखाने मोकळे झाले होते, मला ठाऊक होतं. मग का म्हटलं? कारण तिथल्या डॉक्टरनं विचारलं असतं — कशी पडली, कधी पडली, लस किती वाजता घेतली, कोणी सोडलं. हे सगळं मला एका क्षणात सुचलं. मांडवात उभी होते, हातात पेढा होता, आणि माझं डोकं इतकं स्वच्छ चालत होतं.

हात वाकडाच बसला. उजव्या हाताची मूठ वळत नाही. रोवणा म्हणजे चिखलात वाकून धानाच्या रोपाची एकेक काडी बोटांनी लावायची, ते तिचं गेलं. आणि मी भेटायला गेले तेव्हा तीच मला समजावत होती, "तुमी तं सांगतलं होतं जेवाले. मीच उपाशी होती. माहीच चूक हाय." मला चहा करून दिला. एका हातानं.

लशीनंतर कोणाला काही झालं तर वर कळवायचा एक कागद असतो. तो मी भरला नाही.

तर आता त्या दुपारकडे परत येते. जीपवाल्याचा प्रश्न समोर, बोटं मोबाइलवर. मी लिहिलं, 'माझी बायको नर्स आहे. ती सगळं लिहून ठेवते. आमच्या गावात आजवर एकालाही त्रास झालेला नाही.'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'एकही नाही? एवढ्या माणसांत? भाऊ, हे ऐकून तर भीती वाढली.'

त्याचं खरं होतं. शून्यावर कोण विश्वास ठेवेल? मी बराच वेळ दारातून तलावाकडे पाहत बसले. मग लिहिलं — मी हे कसं लिहिलं, मला सांगता येत नाही, बोटं आपोआप चालत होती — 'बायकोला विचारून आलो. एक आहे. एकीला चक्कर आली होती. बायकोनं तिला आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, पाणी पाजलं, तासभर समोर बसवून ठेवलं. रजिस्टरात नोंद केली, वर कळवलं. दुसऱ्या दिवशी ती बाई रोवण्याला गेली.'

लिहिताना मला ते दिसत होतं. खरंच दिसत होतं. शेवंतामावशी शाळेच्या ओसरीत चटईवर पडली आहे, मी तिच्या पायाशी बसले आहे, बाहेर मिस्टर हॉर्न वाजवतात आणि मी हातानं थांबा म्हणते आहे. ती उठते, तोंड पुसते, धड चालत घरी जाते. किती सोपं होतं ते. पाठवून झाल्यावर मला हलकं वाटलं — हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मावशी पडल्याचं ओझं जेवढं होतं, त्याहून त्या हलकेपणाचा आनंद मोठा होता.

मंचावर सगळ्यांनी वाहवा केली. 'याला म्हणतात विज्ञान,' कोणी लिहिलं. आणि दोन दिवसांनी जीपवाल्यानं लिहिलं की त्यानं घेतली, आईलाही दिली, दोघं बरे आहेत, पवनीच्या वहिनींना नमस्कार सांगा.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? दोन माणसांनी लस घेतली, चांगलंच झालं. लस चांगली होती, हे मी आजही कोणाच्याही समोर सांगेन. पण त्यानं लशीबद्दल विचारलंच नव्हतं. त्यानं माझ्याबद्दल विचारलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हेही तुम्हाला सांगितलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात तो आला. आईला पवनीच्या देवळांना आणलं होतं, वाटेत गाव लागलं. मंचावर नंबर मिस्टरांचाच होता, त्यावर फोन करून पत्ता घेतला. मी त्यांच्या नावानं लिहिते याची मिस्टरांना गंमत वाटायची, त्यांनी ते न फोडता हौसेनं त्याला उपकेंद्रात आणलं. पन्नाशीचा, सावळा, हात धुऊनही नखांत काळं राहिलेला माणूस. आईला जीपमध्ये बसवून, दारात चपला काढून आत आला. लसीकरणाचा दिवस होता, लहान मुलांचा. बाकावर शेवंतामावशी बसली होती, नातीला घेऊन आलेली.

तो म्हणाला, "वहिनी, तुमाले भेटाचंच होतं. लिहून ठेवणारं माणूस पाहाचं होतं मले." मग जरा संकोचून विचारलं, "ते चक्कर आलेली बाई गावातच हाय काय?"

मी म्हटलं, "नाही, ती लेकीकडे गेली."

बाकावरून मावशीनं विचारलं, "कोन जी? कोनाले चक्कर आली होती?"

"तुम्ही नाही ओळखत, मावशी."

या गावात मावशी ओळखत नाही असं कोणी आहे का? तिनं क्षणभर आठवून पाहिलं, मग सोडून दिलं. म्हणाली, "मले बी आली होती, भाऊ. धुऱ्यावर पडली ना मी." आणि तिनं हात पुढे करून दाखवला. लहान मूल नवं खेळणं दाखवतं तसा. "उपाशी होती. नर्सबाईनं सांगतलं होतं जेवून घे, मीच आयकलं नाही."

त्यानं तो हात पाहिला. हळहळला. मग माझ्याकडे आदरानं पाहून तिला म्हणाला, "आयकत जा मावशी यांचं. असे मानसं भेटत नाही."

मावशी ओशाळून हसली. मान हलवली. मी नातीच्या मांडीवर कापूस फिरवत होते. खोलीत चार मोठी माणसं होती आणि मला तोंड होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी कापूस फिरवत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ, इतका की ती पोर रडायचीही विसरून माझ्याकडे पाहायला लागली.

तो गेला. जाताना चिखल्याला या म्हणाला, पत्ता दिला.

त्याला आता काही वर्षं झाली. मंचावरचं ते लिहिणं तसंच आहे. कोणी नवा माणूस लशीवरून शंका काढतो, अगदी लेकरांच्या लशीवरूनही, की जीपवाला त्याला तेच काढून दाखवतो — पवनीकडच्या एका नर्सची गोष्ट, मी स्वतः भेटलो आहे, असं लिहितो. मी वाचते. मंच मी सोडला नाही. नोंदी आता सगळ्या करते, अर्ध्या तासाला पाच मिनिटंही कमी करत नाही, पण त्या एका पानावर मी नंतरही काही लिहिलं नाही, आणि मावशीलाही सांगितलेलं नाही. ती पंचावन्न-साठची आहे, तब्येत चांगली आहे, सांगायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

रोवण्याच्या दिवसांत ती आता बांधीत उतरत नाही. बाकीच्या बायांची लहान पोरं सांभाळत धुऱ्यावर बसते. उपकेंद्राच्या खिडकीतून ती जागा दिसते. पाणी चमकत असतं, बाया एका ओळीत मागे मागे सरकत असतात. मी खिडकीत दिसले की ती डावा हात उंच करून हलवते.

मीही हलवते.